भिडेचं पुण्य

वसईतल्या कुठल्याही चर्चमध्ये रविवारची मिस्सा दोनदा संपते. प्रभूभोजन घेऊन बाकावर परतलं की ती मनातल्या मनात संपते आणि सूचना वाचून झाल्या की प्रत्यक्षात. या सूचनांची जागा नीट पाहण्यासारखी आहे. त्या प्रवचनाला जोडून येत नाहीत किंवा सगळे बाहेर पडल्यावर अंगणातही होत नाहीत. प्रभूभोजनानंतरची प्रार्थना आणि शेवटचा आशीर्वाद यांच्या बरोबर मधे त्या बसवलेल्या आहेत. आशीर्वाद हवा असेल तर आधी ऐकून घ्या: रक्तदान शिबिरासाठी नावं कमी आली आहेत, वृद्धाश्रमात जेवण नेण्याची पाळी या महिन्यात अमुक आळीची आहे, वह्या-दप्तरांसाठी देणगी अजून स्वीकारली जाते, आणि हॉलमधलं सामान हलवायचं असल्याने तरुणांनी मिस्सेनंतर पाच मिनिटं थांबावं. ही पाच मिनिटं जेवणाच्या वेळेपर्यंत चालतात, हे तरुणांना ठाऊक असतं. तरी काही जण थांबतात. प्रभूभोजन घेऊन तसेच बाजूच्या दाराने सटकणारेही असतात. त्यांच्यासाठी फादरांकडे यूदाचं उदाहरण तयार असतं, कारण शेवटच्या भोजनातून सगळ्यांच्या आधी उठून गेलेला माणूस तोच. सूचनांची ही जागा ज्याने कुणी ठरवली त्याला धर्मशास्त्र किती येत होतं कोण जाणे, माणसं मात्र पक्की कळत होती.

गरजूंना धान्य, शाळेच्या पोरांना वह्या, आजाऱ्याला रक्त, एकट्या म्हाताऱ्यांना जेवण असं जे एखादं धर्मग्राम (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली मंडळी) आपल्या वस्तीसाठी करत असतं, ते का करतं याची दोन तयार उत्तरं मिळतात. भाविक म्हणतात, प्रभूची प्रेरणा. संशयी म्हणतात, यात काहीतरी डाव आहे. दोन्ही उत्तरं भारदस्त आहेत आणि दोन्हींत खोट एकच: ती देणाऱ्याला फार मोठा समजतात. एकाला तो संत वाटतो, दुसऱ्याला कारस्थानी. शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये बसून पोत्यातला तांदूळ पिशव्यांत भरणारा माणूस या दोन्ही पदांना लायक नसतो. तो तिथे आहे कारण गेल्या रविवारी त्याला नाही म्हणता आलं नाही. माझं म्हणणं एवढंच, की चर्चची समाजसेवा श्रद्धेने सुरू होत असेल, पण चालते भिडेवर. भीड ही भिकेची बहीण, असं आपले वाडवडील बजावून गेले. भिडेपोटी कुणाला तरी जामीन राहून शेत घालवलेली मंडळी त्यांच्या डोळ्यांसमोर असतील. पण तीच भीड दर आठवड्याला ठरावीक वेळी, ठरावीक बाकांवर, ठरावीक माणसांसमोर आणून बसवली, की तिच्याकडून बरंच काम करून घेता येतं. हे मी चर्चची खोडी काढायला म्हणत नाही. संतांचा पुरवठा सगळ्याच धर्मांत बेभरवशाचा असतो. भिडस्त माणसं मात्र दर आळीला मुबलक मिळतात.

पुरावा अगदी मुळापासून देता येतो. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या पहिल्या मंडळीची हकीकत आहे. तिथे गरजूंना रोज अन्नवाटप होई, आणि त्यावरून कुरबुर सुरू झाली. ग्रीक बोलणाऱ्यांचं म्हणणं पडलं, की वाटपात आमच्या विधवांना डावललं जातं. म्हणजे मंडळीची हळद अजून ओली होती आणि भाषिक अन्यायाची तक्रार दारात उभी. प्रेषितांनी यावर काय केलं? जे आजही प्रत्येक धर्मग्रामात करतात तेच: समिती नेमली. उपदेशाचं काम सोडून आम्ही पंगती वाढत बसणं बरं नव्हे, असं सांगून त्यांनी सात जणांवर ते काम सोपवलं. विधवांच्या जेवणाचा प्रश्न सोडवायला नेमलेल्या समितीत सातही पुरुष, ही प्रथासुद्धा तिथलीच. पुढचा भाग अधिक बोलका आहे. सातांपैकी स्तेफन लवकरच वादविवादात उतरला आणि त्या पुस्तकातलं सगळ्यांत लांब भाषण करून हुतात्मा झाला. फिलिप्प शोमरोनात प्रचाराला निघून गेला. उरलेल्या पाचांची नावं एकदा येतात आणि पुन्हा त्यांच्याबद्दल अक्षर नाही. माझा तर्क असा, की पंगती त्या पाचांनी वाढल्या, आणि स्वयंपाक ज्या बायकांनी केला त्यांची नावं पहिल्यांदाही आली नाहीत. पण माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाचं हे, की ख्रिस्ती सेवेची पहिली व्यवस्था कुणाच्या दृष्टान्तातून आली नाही. ती तक्रारीतून आली, आणि तक्रार करणारी माणसं रोज समोर येत होती म्हणून ती दडपता आली नाही.

तीनशे वर्षांनी रोमन सम्राट ज्यूलियनला या सेवेचा चांगलाच मनस्ताप झाला. 361 ते 363 असं जेमतेम पावणेदोन वर्षं राज्य त्याला मिळालं, आणि तेवढ्यात जुन्या देवांची पूजा पुन्हा मानाने सुरू करण्याचा त्याने चंग बांधला. आजच्या तुर्कस्तानात असलेल्या गलतिया प्रांतातल्या मुख्य पुजाऱ्याला त्याने एक पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की हे गालीली लोक (ख्रिश्चनांना तो हेटाळणीने असंच म्हणे) स्वतःच्या गरिबांना पोसतातच, वर आपल्याही गरिबांना पोसतात, आणि आपण काही करत नाही हे चारचौघांना दिसतं. दुखणं गरिबांच्या उपासाचं कमी आणि ‘दिसतं’ याचं जास्त होतं, म्हणजे सम्राटालाही भीड होतीच. मग त्याने फर्मावलं: शहरोशहरी धर्मशाळा काढा. त्यासाठी वर्षाला 30,000 मापं गहू आणि 60,000 मापं मद्य मंजूर केलं. सरकारी अनुदान म्हणून ते घसघशीत होतं. मद्याचा आकडा पाहता स्वयंसेवकांची वाण पडायला नको होती. पण 363 मध्ये इराणच्या मोहिमेत ज्यूलियन मारला गेला आणि त्याचा बेतही त्याच्याबरोबर गेला. राज्य अल्पकाळ टिकलं हे एक कारण झालंच. मला त्याच्या जोडीला दुसरं दिसतं: गहू गाड्यांत भरून पाठवता येतो, हुकूम घोडेस्वाराबरोबर पाठवता येतो, पण एकमेकांना दर आठवड्याला तोंड दाखवावं लागतं अशी माणसं कुठल्याही खजिन्यातून मंजूर करता येत नाहीत.

वसईतल्या बहुतेक चर्चमध्ये संत विन्सेंट डी पॉल संस्थेची शाखा असते. धान्याच्या पिशव्या, औषधांची बिलं, शाळेची फी हे सगळं बहुधा हिच्याकडेच येतं. ही संस्था 1833 मध्ये पॅरिसमध्ये निघाली ती टोमण्यामुळे. फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी एका चर्चामंडळात ख्रिस्ती धर्माच्या थोर परंपरेवर तावातावाने बोलत असे. विरोधी मताच्या एका विद्यार्थ्याने त्याला विचारलं, की पूर्वजांनी केलं ते असू दे, तुम्ही आज काय करता? सगळ्यांसमोर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणं भाग होतं. ओझानाम आणि त्याचे मित्र, पुन्हा योगायोगाने सातच जण, पॅरिसच्या दरिद्री वस्त्यांत घरोघर जाऊ लागले. त्यांतले सहा विद्यार्थी होते आणि एक पोक्त संपादक. कुणाच्या घरी जायचं हे त्यांना त्या वस्तीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रेंद्यू यांनी सांगितलं, कारण उत्साह सातांकडे होता आणि पत्ते सिस्टरकडे. या संस्थेने दोन रिवाज पाडले. गरजूच्या घरी एकट्याने जायचं नाही, दोघांनी जायचं. आणि बैठकीच्या शेवटी एक झोळी फिरते, तिच्यात प्रत्येकाने मूठ झाकून घालायचं. कुणी किती टाकलं ते कुणाला कळत नाही. दोन्ही रिवाज मनुष्यस्वभाव ओळखून केलेले आहेत. दोघं जायचे म्हटल्यावर पावसाचं निमित्त काढून घरी बसता येत नाही, कारण दुसरा छत्री घेऊन दारात उभा असतो. आणि झोळीत किती टाकलं हे लपवता येतं, हात घातलाच नाही हे लपवता येत नाही. ज्याच्याकडे कमी आहे त्याची अब्रू झाकायची आणि ज्याच्याकडे आहे त्याला पळवाट ठेवायची नाही, हे दोन्ही एकाच कापडी पिशवीने साधलं.

हे सगळं मी ताणून भिडेकडे आणतो आहे असं ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी एक अलीकडचा दाखला आहे. रॉबर्ट पुटनम आणि डेव्हिड कॅम्पबेल या अमेरिकन अभ्यासकांनी 2010 मध्ये ‘अमेरिकन ग्रेस’ हा जाडजूड ग्रंथ काढला. नेमाने चर्चला जाणारी माणसं इतरांपेक्षा जास्त स्वयंसेवा करतात आणि जास्त दान देतात, चर्चशी संबंध नसलेल्या कामांनाही देतात, असं त्यांना आढळलं. इथपर्यंत भाविकांनी टाळ्या वाजवायला हरकत नाही. पण त्यांनी पुढे शोधलं, की हा फरक कशाने पडतो? देवावरच्या विश्वासाच्या तीव्रतेने फारसा पडत नाही. चर्चमध्ये मित्र किती आहेत यावरून पडतो. बायकोच्या आग्रहाने चर्चला येऊन तिथल्या लोकांत मिसळलेला नास्तिक, घरी एकट्याने तळमळून प्रार्थना करणाऱ्या भाविकापेक्षा अन्नछत्रात वाढायला उभा राहण्याचा संभव जास्त, असा त्यांच्या निष्कर्षाचा अर्थ होतो. प्रत्येक धर्मग्रामात असा एक नवरा असतो. तो प्रवचनाला डुलक्या काढतो, पण सणाच्या दिवशी पार्किंगची व्यवस्था त्याच्याकडेच असते आणि ती चोख असते. देवाने त्याचा हिशोब कसा करायचा हा देवाचा प्रश्न आहे. गाड्या मात्र रांगेत लागलेल्या असतात.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की मग यात चर्चचं विशेष ते काय? गुरुद्वारातला लंगर आहे, वारीच्या वाटेवरची अन्नछत्रं आहेत, गणपतीची मंडळं आहेत. मान्य आहे, आणि त्याने माझा मुद्दा पडण्याऐवजी उभाच राहतो. जिथे माणसं पुन्हापुन्हा एकमेकांसमोर येतात तिथे सेवा उगवते. गणेश मंडळाची भीड दहा दिवस उत्तम चालते आणि विसर्जनाबरोबर ओसरते, म्हणून शहाणी मंडळं वर्षभर कार्यालय उघडं ठेवतात. उलट गृहनिर्माण संस्था घ्या. तिथे शेकडो माणसं एकाच जिन्याने उतरतात, पण वार्षिक सभेला गणपूर्ती होत नाही. मग ती सभा अर्ध्या तासाने त्याच जागी, गणपूर्तीची अट न ठेवता घ्यावी लागते, आणि तशी तरतूद नियमांतच करून ठेवलेली आहे. नियम करणाऱ्यांना सभासदांच्या निर्ढावलेपणाची खात्री होती. चर्चला बावन्न रविवार आहेत, सण वेगळे. शिवाय हॉल आहे, माइक आहे, शंभरेक माणसांचा भात शिजेल अशी पातेली आहेत, आणि कुठल्या घरात कोण आजारी, कुणाची नोकरी सुटली, कुणाचा मुलगा परदेशी गेला नि फोन करत नाही, ही माहिती घरं आशीर्वादित करायला फिरणाऱ्या फादरांना दरसाल ताजी मिळते. फादरांना जे कळत नाही ते सिस्टरना कळतं, आणि सिस्टरनाही कळत नाही ते फुलवाल्या मावशींना आधीच कळलेलं असतं.

भिडेचं सगळ्यांत पक्कं काम मात्र अन्नवाटपात दिसत नाही, ते हिशोबाच्या वहीत दिसतं. जर्मनीतल्या फ्रीडरिक विल्हेल्म रायफायझन या गावकारभाऱ्याने 1846-47च्या उपासमारीत श्रीमंतांकडून वर्गणी काढून गरिबांना पाव पुरवला. रायफायझन स्वतः मोठा भाविक. पण पुढे त्याच्या लक्षात आलं, की श्रीमंतांची दया दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दमते. मग 1864 मध्ये त्याने शेतकऱ्यांची स्वतःची पतपेढी काढली आणि तिचं क्षेत्र लहान ठेवण्यावर भर दिला, शक्यतो एका धर्मग्रामाएवढं. कारण उघड होतं. कर्ज घेणारा, जामीन राहणारा आणि पैसे ठेवणारा तिघं एकमेकांना ओळखणारे हवेत. आपल्याकडचा 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा याच नमुन्यावर बेतला गेला आणि त्याच वाटेने 1918 मध्ये वसईत मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनी कॅथलिक पतपेढी सुरू केली. तीच आजची बॅसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक. केळी, पानवेली आणि फुलांच्या बागा करणाऱ्या शेतकऱ्याला सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी एका धर्मगुरूने प्रार्थनेच्या जोडीला खातेवही उघडली, हे मला कित्येक चमत्कारांपेक्षा मोठं वाटतं. जरा विचार करा. सावकाराचं कर्ज बुडवलं तर तो जमीन घेईल. पतपेढीचं बुडवलं तर जामीनदार रविवारी पुढच्याच बाकावर बसलेला असेल, त्याची बायको मागे वळून बघेल, आणि शांतीची खूण करताना त्यालाच हात जोडावे लागतील. इतकी कडक वसुली कुठल्या कायद्याने होते? वाडवडिलांनी ज्या भिडेला भिकेची बहीण ठरवलं होतं, तिलाच इथे पगार न देता वसुली अधिकारी नेमलं.

दुसरा आक्षेप गंभीर माणसं घेतात. दानधर्माने गरिबी झाकली जाते, सरकारची जबाबदारी सरकारला विसरू दिली जाते, आणि पाच किलो तांदळाने कुणाचा रेशनचा हक्क मिळत नाही. खरं आहे. तांदळाच्या पिशवीत क्रांती मावत नाही. पण ज्या माणसांना दर आठवड्याला जमायची सवय आहे त्यांना मोर्च्याला जमवायला वेगळे कष्ट पडत नाहीत, हे वसईने दाखवलं. 1980च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हिरवा पट्टा बांधकामांना मोकळा होऊ लागला आणि शेतविहिरींचं पाणी उपसून टँकरने नव्या इमारतींना विकलं जाऊ लागलं. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे आले, हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि हिंदू-ख्रिस्ती शेतकरी एकत्र रस्त्यावर आले. दिब्रिटो तेव्हा ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. 1983 ते 2007 ते काम त्यांनी केलं. फादरांनी चर्च सांभाळावं, पाण्याच्या भानगडीत पडू नये, अशा सल्ल्यांना त्या काळात तोटा नव्हता. असे सल्ले देणाऱ्यांची गंमत अशी, की ब्लँकेट वाटणाऱ्या फादरांना ते हार घालतात, आणि लोकांना थंडी का वाजते असं विचारणाऱ्या फादरांना पेचात पकडतात. अधिकाऱ्यांवर याचा परिणाम कसा होतो तेही भिडेच्या हिशोबात बसतं. भाड्याने आणलेली गर्दी सभा संपली की पांगते. ही गर्दी पुढच्या रविवारी पुन्हा जमणार आहे, काही झालं तरी जमणार आहे, हे एकदा कळलं की साहेबालाही निवेदन वाचल्यासारखं करावं लागतं. पुढे 2020 मध्ये उस्मानाबादला झालेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद दिब्रिटोंना मिळालं. तेव्हाही एक धर्मगुरू अध्यक्ष कसा, यावर गदारोळ झालाच.

त्या गदारोळात जो संशय होता तोच तिसरा आक्षेप, आणि तो टाळून पुढे जाणं लबाडी होईल: मदतीच्या मागे धर्मांतर असतं. हा संशय हवेतून आलेला नाही. 1876 ते 78च्या दुष्काळानंतर अहमदनगर भागात मिशनांकडे बाप्तिस्म्यासाठी येणाऱ्यांची संख्या वाढली, आणि यातले भुकेने किती आले नि श्रद्धेने किती, हा प्रश्न खुद्द मिशनऱ्यांनाही सतावत होता. 1893 मध्ये पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनावर अशाच आरोपांचं वादळ उठलं आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनीही सल्लागार मंडळ सोडलं. मात्र चारच वर्षांत दुष्काळ पडला, तेव्हा मध्य प्रांतात भुकेल्या मुली-बायकांना गोळा करत रमाबाईच फिरत होत्या आणि केडगावला मुक्ती सदन त्यातूनच वाढलं, हेही त्याच इतिहासात आहे. आजच्या वसईपुरतं बोलायचं तर पाच किलो तांदळासाठी ज्याला धर्म बदलावासा वाटेल, त्याला कुणीतरी आधीच सांगायला हवं की त्यानंतर जन्मभर सूचना ऐकाव्या लागतात. पण थट्टा सोडली तर या आक्षेपात एक खरी कसोटी दडलेली आहे. भीड कुणाला वाटते आहे? देणाऱ्याला वाटत असेल तर सगळं ठीक चाललं आहे. घेणाऱ्याला वाटू लागली, की याचा तांदूळ खाल्ला आता याच्या प्रार्थनेला गेलं पाहिजे, तर तीच भीड नासली. मग ती चर्चची असो, मठाची असो, की निवडणुकीच्या तोंडावर साड्या वाटणाऱ्या दादांची असो.

आणि या कसोटीवर भल्याभल्या धर्मग्रामांचेही गुण कापले जातात. धर्मांतराचा प्रश्न बाजूला ठेवला तरी लाजेचा उरतोच. ज्या नजरांमुळे स्वयंसेवक हजर राहतो, त्याच नजरा घेणाऱ्यावरही असतात. दप्तर वाटपाचा कार्यक्रम असतो, मागे फ्लेक्स लावलेला असतो, त्यावर देणगीदारांचे फोटो असतात, आणि दप्तर हातात दिलं की पोराला कॅमेऱ्याकडे बघायला सांगतात. देणाऱ्याचे दोन्ही हात दप्तराला, म्हणजे डाव्या हाताला उजव्याची खबर लागू न देण्याबद्दल येशूने जे सांगितलं त्याची सोय मुळातच बंद. फोटोत महिला मंडळ बहुधा नसतं. ते आत बटाटेवडे तळत असतं. ओझानामच्या मंडळींनी रांगा लावण्याऐवजी घरी जायची पद्धत पाडली ती याच लाजेवर उपाय म्हणून, आणि पॅरिससारख्या शहरात तो लागू पडलाही असेल. वसईच्या आळीत डी पॉलची दोन माणसं पिशवी घेऊन एखाद्या अंगणात शिरली, की अर्ध्या तासात ती बातमी नळावर पोचते. काही शाखा यावर अंधार पडल्यावर जातात, काही जण बिल थेट औषधांच्या दुकानात भरतात, काही फी शाळेच्या ऑफिसात गुपचूप पोचवतात. हे सगळे उपाय चांगले आहेत आणि सगळे अर्धवट आहेत. दहा घरांच्या आळीत गुप्तदान करायचं म्हणजे आळीने बघूनही न बघितल्यासारखं करायला हवं, आणि ते कौशल्य कुठल्याही प्रवचनातून येत नाही. माझ्या मते चर्चचं खातं इथे उधारीवर आहे.

तेवढ्यात भिडेच्या मूळ भांडवलालाच घरघर लागली आहे. नालासोपारा, विरार, वसई रोडच्या इमारतींत माणसं आली, देशभरातून आली, त्यांच्यासाठी मराठीशिवाय इतर भाषांतही मिस्सा होऊ लागल्या. चर्च भरली, पण बाकावर शेजारी कोण बसलं आहे ते कुणाला माहीत नाही. अनोळखी गर्दीत प्रभूभोजन घेऊन सरळ बाहेर पडता येतं. यूदाचा दाखला ज्याला नाव नाही त्याला लागत नाही. धर्मग्रामांनी यावर उपाय काढला तो म्हणजे इमारतींचे छोटे कुटुंबसमूह. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी प्रार्थना आणि चहा. प्रार्थनेने काय साधतं ते मी सांगू शकत नाही, चहाने पंधरा घरं एकमेकांना नावाने ओळखू लागतात, आणि पुढच्या वेळी रक्तदानाची यादी घेऊन आलेल्या काकूंना नाही म्हणणं अवघड होतं. एवढ्या परिश्रमाने भीड पुन्हा लागवडीखाली आणावी, तर दुसरीकडून क्यूआर कोड आला. तो दाराशी चिकटवलेला असतो, कुठेकुठे बाकाच्या पाठीवरही. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, हिशोब चोख झाला, खजिनदार खूश. पण झोळीचा सगळा न्याय यात उलटा झाला. किती दिलं ते आता बँकेला पै-पैसह कळतं. दिलं की नाही ते शेजारच्याला कळत नाही. मिस्सेत अर्पणाची झोळी पुढून निघाली की आपल्या रांगेपर्यंत यायला दोन मिनिटं लागत, आणि त्या दोन मिनिटांत दहाची नोट परत खिशात जाऊन पन्नासची बाहेर येत असे. आता अर्पणाच्या वेळी निम्मी मंडळी मोबाइल काढून मान खाली घालतात, आणि तो माणूस वृद्धाश्रमाला पाचशे रुपये पाठवतो आहे की भारताची दुसरी विकेट कशी पडली ते बघतो आहे, हे वेदीवर उभ्या असलेल्या फादरांना कळायला काही मार्ग नाही.